पुरात मोडलेलं चालणं परत कसं जोडायचं?

विश्वामित्रीकाठ | १२ जून २०२५, रात्री १०:४०

हे लिहीन लिहीन म्हणता महिने गेले. आज संध्याकाळी भाजी घेऊन येताना बडोद्यातल्या काला घोड्यापाशी थांबले होते, तर कमाटीबागेच्या गेटातून आमच्या चालण्याच्या गटातल्या दोघी बाहेर आल्या. त्यांनी मला पाहू नये म्हणून मी स्कूटरवर मान खाली घालून पिशवीची गाठ सोडत-बांधत बसले. घरी आल्यावर त्याचं फार वाईट वाटलं. ज्यांच्याबरोबर दीड वर्ष रोज सकाळी चालले, त्यांच्यापासूनच तोंड लपवते आहे मी.

वय ४९, शाळेत शिकवते, दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडे. २०२२ च्या दिवाळीनंतर रक्त तपासलं तेव्हा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३ आली आणि वजन ८४. आई आणि मामा दोघांनाही साखर, त्यामुळे घाबरले. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, सहा महिने चाला, जेवण सुधारा, मग बघू. मी मनापासून केलं. सकाळी सहाला गेटवर तिघी जमायचो, पाऊण तास बागेत. रात्रीचं जेवण साडेसातला: भाकरी, पालेभाजी, वाटीभर घट्ट वरण. फरसाण घरात होतंच, बडोद्यात ते नसलेलं घर कुठलं, पण डबा ओट्यावरून वरच्या फळीवर गेला. २०२४ च्या जूनमध्ये वजन ७३ आणि एचबीएवनसी ५.६. आयुष्यात एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. आमचं घर तळमजल्यावर. पाणी घरात शिरलं ते छातीपर्यंत चढलं. तीन दिवस वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आम्ही दहा माणसं होतो. वाटपात पुरी-भाजी, गाठिया, बिस्किटं यायची. त्या वेळी ते देवानंच पाठवल्यासारखं होतं आणि त्याबद्दल आजही मनात आभारच आहेत. पाणी उतरल्यावर महिनाभर नुसता चिखल काढत होतो. धान्य, गाद्या, फ्रिज सगळं गेलं. चपलांच्या स्टँडवरचे माझे चालायचे बूट पलंगाखाली गाळात रुतलेले सापडले, आतला गाळ वाळून दगड झालेला. ते कचऱ्यात टाकताना मला रडू कोसळलं. फ्रिज गेला तेव्हा आलं नव्हतं.

त्यानंतर नवरात्र, दिवाळी. डिसेंबरात सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. आज वजन ८२ आहे आणि मे महिन्यातली एचबीएवनसी ६.२.

परत सुरू करायचा प्रयत्न तीनदा केला. उत्तरायणानंतर पहिल्यांदा: साखर, भात, तूप, तळलेलं सगळं बंद, रात्री फक्त सूप, रोज दहा हजार पावलं. नवव्या दिवशी सासूबाईंपाशी रात्रभर जागले, सकाळी उठवलं नाही, दुपारी घरात फाफडा-जलेबी आली होती ती खाल्ली, आणि दहाव्या दिवशी सगळंच सुटलं. पाडव्याला दुसऱ्यांदा, जिम लावली. तिथल्या मुलानं पहिल्याच दिवशी साठ बैठका काढायला लावल्या. "मॅडम, आधी करत होतात ना, मग जमेल," म्हणाला. तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजला. मेमध्ये तिसऱ्यांदा, पाच दिवस.

काय खावं ते मला माहीत आहे. तक्ते, रेसिप्या नकोत. ज्यांचं असं मोडलं आणि परत जुळलं, त्यांनी पहिले पंधरा दिवस नेमकं काय केलं, एवढं सांगाल का?


ज्वारीची_भाकर | १२ जून २०२५, रात्री ११:०५

ताई, बुटांचं वाचून पोटात कालवलं. आमच्या माहेरीही पाणी होतं. उद्या सविस्तर लिहिते.


दांडियाबाजार | १३ जून २०२५, सकाळी ६:२०

ताई, माझं वय ६८. लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांबाला जायचो. प्रो. माणिकरावांच्या परंपरेतले वस्ताद होते तिथे. तेरा वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला, दीड महिना अंथरुणात. बरा झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी धावत जाऊन मी मल्लखांबाला हात घातला. वस्तादांनी मनगट धरून खाली उतरवलं आणि माझा तळवा उलटा करून बघितला. घट्टे गेले होते, कातडी पोरीच्या गालासारखी मऊ पडली होती. म्हणाले, "आधी हात परत येऊ दे."

आठ दिवस त्यांनी मला खांबाला चढू दिलं नाही. रोज यायचं, आखाड्याची माती खणायची, दुसऱ्या मुलांसाठी खांबाला एरंडेल चोळायचं, पाच सूर्यनमस्कार घालायचे आणि घरी जायचं. मला फार अपमान वाटायचा. नवव्या दिवशी साधी उडी घ्यायला सांगितली, ती लागली. पुढे पंधरा दिवसांत मी पूर्वीच्या जागी होतो. बागेतल्या म्युझियममध्ये गामा पहिलवानानं १९०२ साली उचललेला म्हणून ठेवलेला तो बाराशे किलोचा दगड तुम्ही पाहिला असेल. वस्ताद म्हणायचे, तापातून उठल्यावर गामानंही त्या दगडाला पहिल्या दिवशी हात लावला नसता.

हे मला साठीनंतर पुन्हा उपयोगी पडलं. २०१९ मध्ये स्टेंट बसला, चालायला लागलो, आणि २०२० च्या टाळेबंदीत सात महिने घरात बसलो. परत निघालो तेव्हा पहिला आठवडा एवढंच केलं: सहाला बूट घालून सूरसागरला जायचं, बाकावर दहा मिनिटं बसायचं, तळ्याची एक बाजू चालायची, परत. घरच्यांना वाटायचं, हा कसला व्यायाम. पण सहाची वेळ मात्र माझ्या अंगात परत बसली. दुसऱ्या आठवड्यात दोन बाजू. दिवाळीपर्यंत तीन फेऱ्या.

तुम्ही तिन्ही वेळा पहिल्याच दिवशी खांबावर चढलात असं मला वाटतं.


फिजिओ_अकोटा | १३ जून २०२५, दुपारी २:१०

काकांनी जे लिहिलं आहे तेच मी रोज रुग्णांना समजावते, फक्त इतक्या चांगल्या शब्दांत जमत नाही.

आधी गुडघ्याबद्दल. अजून सूज असेल, रात्री दुखत असेल, जिना उतरताना गुडघा लचकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चालणं वाढवू नका. नऊ किलो वजन वाढलं आहे. एक किलो वाढलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर साधारण चार किलो भार वाढतो, म्हणजे तुमचा गुडघा पाऊलागणिक छत्तीस किलो जास्त सोसतो आहे. त्यावर साठ बैठका! त्या मुलानं तुमच्या गुडघ्याचा विचारच केला नाही.

व्यायाम सुटला की सगळं एकाच वेगानं जात नाही. दम आधी जातो, दोन ते चार आठवड्यांतच फरक कळतो. ताकद बरीच टिकते. आणि एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर तयार होतो, त्यामुळे तुमचं दीड वर्ष पाण्यात गेलेलं नाही. अडचण अशी की परत सुरू केल्यावर स्नायू पटकन उभारी धरतात, पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि सांधे मागे राहतात. दुसऱ्या आठवड्यात माणसाला वाटतं, जमतंय की, आणि नेमकं तेव्हाच दुखणं होतं. माझ्याकडे येणारे निम्मे गुडघे आणि टाचा "मी आधी करत होतो"वाल्यांच्या असतात.

तुमच्यासाठी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर: पहिला आठवडा रोज पंधरा मिनिटं सपाट रस्त्यावर, चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगानं. दुसऱ्या आठवड्यात वीस. त्यापुढे दर आठवड्याला पाच मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगते, तिथे तुम्ही तिसऱ्या आठवड्यातच आरामात पोचता, घाई कशाला? आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ वेळा, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला, तर त्या दिवशी निम्मं करा. बंद करू नका, निम्मं करा.


मांजलपूर_रात्रपाळी | १३ जून २०२५, रात्री ९:३०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मी कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो, वय ३४. माझं दोनदा सुटलं आणि दोन्ही वेळा "थोडं थोडं" करूनच सुटलं. रात्री तीनला कॅन्टीनमध्ये भजी येतात. "आज दोनच" म्हणून सुरू होतं आणि पाळी संपेपर्यंत प्लेट होते, वर पाच चहा. मला पूर्ण बंदच जमतं. १ जानेवारीपासून कॅन्टीनचं एकही तळलेलं खाल्लेलं नाही, चहा बिनसाखरेचा, एकच. घरून आठलाच जेवून निघतो, डब्यात मोड आलेल्या मुगाची उसळ आणि एक पेरू किंवा केळं. ९१ वरून ८४. मला नियम सैल केला की भीती वाटते.


मानस_वर्ग | १४ जून २०२५, सकाळी ११:४५

रात्रपाळी, तुमचा नियम टिकतो आहे कारण तो एकाच जागेपुरता आहे: कॅन्टीनची भजी. तो पाळणं सोपं आहे, आणि तुम्ही त्याच्या बदल्यात डबा ठेवला आहे. ताईंनी एका दिवसात सहा गोष्टी बदलल्या होत्या. हा फरक मोठा आहे.

मी मानसशास्त्र शिकवते. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी केलेला एक प्रयोग आमच्या वर्गात दरवर्षी येतो. काही मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला ठेवलं. एरवी पोट भरलं की माणूस कमी खातो. ज्या मुली खाण्यावर ताबा ठेवून होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. मिल्कशेकनं त्यांचा दिवस "मोडला" होता, आता राखायला काही उरलं नव्हतं. ताईंचा नववा आणि दहावा दिवस मला हुबेहूब तसाच वाटला. नवव्या दिवशीच्या जलेबीनं काहीच बिघडलं नव्हतं. दहाव्या दिवशी त्या निघाल्या नाहीत, तिथे बिघडलं.

दुसरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा, २००९ मधला. ९६ जणांनी रोजची एक नवी सवय बारा आठवडे लावून बघितली. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय जुळण्यावर फारसा परिणाम झाला नाही. मी हे फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी दोन-तीन मुली ते वहीत अधोरेखित करतात.


मांजलपूर_रात्रपाळी | १४ जून २०२५, दुपारी १:००

डब्याचं बरोबर आहे. डबा विसरलो त्या दोन रात्री खरंच कठीण गेल्या. तरी माझ्यापुरतं बंद म्हणजे बंद.


ज्वारीची_भाकर | १४ जून २०२५, दुपारी ४:२०

काल लिहायचं राहिलं. तक्ता नको म्हणालात म्हणून देत नाही, पण एक माप सांगते, त्यानं माझं घर बदललं.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यात दोन हजार कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाचं वजन दिलं आहे: भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, धान्य २५०, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. मी रोजचं वजन करत बसले नाही. मी तेलाचा हिशेब महिन्याचा केला. चार माणसं, माणशी २७ ग्रॅम, तीस दिवस, म्हणजे सव्वातीन किलो, साधारण साडेतीन लिटर. आमच्याकडे किती लागायचं? सहा! आणि बाहेरचं फरसाण वेगळंच. मला वाटत होतं आम्ही बेतानं खातो.

तेव्हापासून एक तारखेला तेल एका वेगळ्या बरणीत मोजून काढते आणि बरणीवर पंधरा तारखेची खूण करते. कुणाला काही बंद नाही. रविवारी मुलांना पुऱ्या हव्या तर पुऱ्या, मग सोमवार-मंगळवार वाफवलेलं: मुठिया, खीचू, इडली. कढईत चमच्यानं तेल घालायला लागले. पहिल्या महिन्यात पाच, तिसऱ्या महिन्यात चार लिटर. साडेतीनवर अजून पोचले नाही.

भाज्यांचे ४०० ग्रॅम हा खरा डोंगर आहे. एक दिवस शिजवण्याआधी मोजून बघा, आपण निम्म्यावर असतो. मी सेव-उसळीपासून सुरुवात केली कारण ती घरात सगळ्यांना आवडते. वटाण्याची उसळ तशीच झणझणीत, पण वर सेव मूठभराच्या ऐवजी दोन चमचे, आणि पातीचा कांदा, टोमॅटो, कोबी वाटीभर. पाव एक. मुलानं पहिल्या दिवशी सेव मागितली, नंतर मागितली नाही.

आणि ताई, रात्री सूप पिऊन कुणीही अकरा वाजता स्वयंपाकघरात येईलच. दिवसभर शाळा, घर, आजारी माणूस, आणि पोटात सूप?


बागेतली_टोळी | १४ जून २०२५, रात्री ८:५०

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. मी तुमच्या गटातली नाही, पण आमचाही असाच गट आहे, नऊ जणी. कुणी बऱ्याच दिवसांनी आली की आम्ही सगळ्या एकदम म्हणतो, "अगंबाई, किती दिवसांनी! कुठे होतीस?" आनंदानं म्हणतो हो. तुमचं वाचल्यावर मला आमची एक मैत्रीण आठवली. ती फेब्रुवारीत दोनच दिवस आली आणि पुन्हा आली नाही. आमचं ते "किती दिवसांनी" तिला हिशेब मागितल्यासारखं वाटलं असेल का? आज दुपारी तिला फोन केला. पाऊण तास बोललो. चालण्याचा विषय मी काढला नाही, शेवटी तिनंच काढला.

तुमच्या दोघी कदाचित तुमच्या फोनची वाट बघत असतील.


वाघोडियारोड | १५ जून २०२५, सकाळी ७:३०

मला शास्त्र कळत नाही, पण श्रावणातल्या कहाण्या मी पन्नास वर्षं वाचते आहे. "उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये" एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. कहाणी पुढे वाचा ना! वसा टाकलेली माणसं कहाण्यांत कितीतरी आहेत. दारिद्र्य येतं, दशा फिरते. मग कुणीतरी भेटतं, आणि त्यांना वसा परत मिळतो. कुठल्या देवानं म्हटलं आहे का, तू टाकलास म्हणून आता दुप्पट कर? जेवढा होता तेवढाच वसा, पहिल्यापासून. ताई, तुमचा वसा तर पुरानं हातातून नेला, तुम्ही टाकलाही नव्हता. सूप पिऊन कसलं प्रायश्चित्त घेता आहात?


प्रतापनगर | १५ जून २०२५, सकाळी १०:१५

वाचतो आहे, माझंही असंच आहे. एक प्रश्न: मला साखरेची ग्लिमेपिराइड सुरू आहे. सकाळी काही न खाता चाललं तर चालतं का? गेल्या आठवड्यात बागेत घाम फुटून हात कापायला लागले.


फिजिओ_अकोटा | १५ जून २०२५, सकाळी १०:४०

प्रतापनगर, आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. या गोळीनं साखर फार खाली जाऊ शकते, इन्सुलिननंही. व्यायाम आणि उपास एकत्र आले की धोका वाढतो. घाम, थरथर, अचानक भूक, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं आहेत. तसं झालं की लगेच थांबून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा. खिशात ग्लुकोज असल्याशिवाय बाहेर पडू नका. जेवण सुधारलं, चालणं वाढलं की गोळीचा डोसही बदलावा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.


विश्वामित्रीकाठ | २२ जून २०२५, रात्री ९:१५

सगळ्यांचं सगळं दोन-दोनदा वाचलं. वाघोडियारोड आजी (आजी म्हटलं तर चालेल ना?), तुमचं वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि मग शांत झोपले.

गुडघा दाखवला. थोडी झीज आहे, सूज उतरते आहे, चालायला परवानगी आहे. नवे बूट घेतले. काकांनी सांगितलं तसं पहिले चार दिवस सहाला बूट घालून फक्त सोसायटीच्या गेटपर्यंत गेले, तिथल्या ओट्यावर बसले, परत. पाचव्या दिवसापासून आठ मिनिटं पुढे, आठ मिनिटं मागे. सोळा मिनिटं. पहिल्या दिवशी परत येताना मन म्हणत होतं, ही काय चेष्टा आहे, पाऊण तास चालायचीस तू. त्याला उत्तर दिलं नाही, घरी येऊन कुकर लावला.

जेवणात एकच गोष्ट परत आणली, रात्रीचं साडेसातचं जेवण. ताटात भाकरी आहे, भात आहे, चमचाभर तूप आहे. बाकी कशाला अजून हात लावलेला नाही.

फोन अजून केलेला नाही.


विश्वामित्रीकाठ | १८ जुलै २०२५, रात्री १०:००

पावसानं आठवडाभर खूप घाबरवलं. रात्री पाणी वाढल्याच्या बातम्या आल्या की झोप लागत नाही, भिंतीवरची गेल्या वर्षीची रेघ दिसत राहते. त्या आठवड्यात चार दिवस चालले नाही आणि दोनदा रात्री उठून गाठिया खाल्ले. पाचव्या दिवशी सहाला निघाले. गाठियांचं भरून काढायला जास्त चालायचं नाही, जेवण टाळायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. नेहमीची पंचवीस मिनिटं चालले, साडेसातला नेहमीचं जेवले.

ज्वारीची_भाकर, तेल मोजलं. साडेपाच लिटर, आम्ही चौघं! या महिन्यात साडेचारची बरणी भरली आहे, आणि पंधरा तारखेला खुणेच्या बोटभर खालीच होती. सासूबाईंना हे फार आवडलं आहे, बरणीवर त्यांचीच नजर असते.

आणि त्या दोघींतल्या एकीला फोन केला. म्हणजे तिनंच उचलल्याबरोबर विचारलं, "येतेस का उद्या?" दुसरं काहीच नाही. सकाळी गेटवर दोघी उभ्या होत्या. मी म्हटलं, मला पंचवीस मिनिटंच जमतात. ती म्हणाली, मग म्युझियमपर्यंत जाऊन परत येऊ, त्या दोघी पुढे जातील. मी म्हटलं दोघी कुठल्या? तर गटात आता पाच जणी आहेत. एकजण वयानं माझ्याहून मोठी, तीही म्युझियमपर्यंतच येते. मला इतके महिने वाटत होतं की माझी जागा रिकामी पडून माझ्याकडे बघते आहे.


मांजलपूर_रात्रपाळी | १९ जुलै २०२५, सकाळी ८:१०

ताई, छान वाटलं वाचून. माझं तेरा तारखेला मोडलं. मित्राच्या निरोपाला कॅन्टीनमध्ये भजी खाल्ली, भरपूर. घरी येऊन हा धागा परत वाचला आणि रात्री नेहमीसारखा डबा भरला. नियम अजून तोच आहे, पण १ जानेवारीपासूनचे दिवस मोजणं सोडलं.


विश्वामित्रीकाठ | २० सप्टेंबर २०२५, दुपारी ३:३०

बऱ्याच दिवसांनी लिहिते. गणपतीत मोदक खाल्ले, दोन रोज, तूप घालून, पानावर बसून. गौरींचं जेवण झालं. वजन त्या आठवड्यात दीड किलोनं वर गेलं तेव्हा पूर्वीची मी हादरले असते. फिजिओताईंना विचारलं होतं, त्यांनी सांगितलं की सणाच्या जेवणातल्या मिठाचं आणि पिष्टाचं पाणी शरीर धरून ठेवतं, आठवडाभर थांबा. खरंच उतरलं. ऑगस्टअखेर वजन ७९ आणि एचबीएवनसी ५.९.

मग विसर्जनानंतर ताप आला. व्हायरल. अकरा दिवस चालणं बंद, जेवणाच्या वेळा गेल्या, खिचडी आणि टोस्टवर होते. काल रात्री बूट पलंगाखालून काढून दाराशी ठेवले.

आज सकाळी सहाला निघाले. गटाला आदल्या दिवशीच कळवलं होतं की बागेत येत नाही, पुढच्या आठवड्यात येईन. आठ मिनिटं पुढे, आठ मिनिटं मागे. परवा घट बसतात. गरब्याला या वर्षी शेवटचा अर्धा तासच जाणार आहे, फिजिओताई, गुडघ्याला पट्टा लावू की नको?


फिजिओ_अकोटा | २० सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ५:००

पट्ट्यापेक्षा बूट महत्त्वाचे, अनवाणी किंवा मोजडी घालून नको. उड्या आणि बसून घ्यायच्या फिरक्या या वर्षी सोडा, साधी दोन टाळी, तीन टाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते मला इथेच कळवा.


ज्वारीची_भाकर | २० सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ६:४५

नऊ दिवस उपास धरणार असाल तर साबुदाणा रोज नको. राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी, दही, शेंगदाण्याची आमटी. आणि साडेसातची वेळ तीच ठेवा.


विश्वामित्रीकाठ | २० सप्टेंबर २०२५, रात्री ८:०५

बूटच घालते. राजगिरा आजच आणला. जेवण झालं, साडेसातला.